लग्नानंतर आडनाव: बदलायचं, ठेवायचं की जोडायचं?

मी लग्नानंतर आडनाव बदललं, माझ्या धाकट्या बहिणीनं नाही. दोघींवरही कुणी जबरदस्ती केली नव्हती आणि आज दोघींनाही पश्चात्ताप नाही. त्यामुळे दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्यात. ज्यांचं अजून ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

बदलण्याचा फायदा आधी सांगते, कारण हल्ली तो सांगायला लोक कचरतात. घरात सगळ्यांचं आडनाव एक असलं की शाळेत, दवाखान्यात, विमानतळावर "तुम्ही याच्या कोण?" हा प्रश्न सहसा येत नाही. बहिणीला येतो. मुलाला घेऊन ती एकटी परदेशी निघाली की त्याचा जन्मदाखला पासपोर्टच्या शेजारीच ठेवते. शिवाय नवं आडनाव लावताना मला मनापासून आनंद झाला होता. तो आनंद खोटा किंवा मागासलेला होता, असं मला आजही वाटत नाही.

पण त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती एका दिवसात चुकती होत नाही. विवाहाचा दाखला हातात आला की काम संपलं, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात तिथून काम सुरू झालं. आधी ओळखपत्र, मग पासपोर्ट, बँक, करखातं, विमा, भविष्यनिर्वाह निधी, मोबाइलचं कनेक्शन. प्रत्येक ठिकाणी आधीच्या ठिकाणचा बदललेला कागद मागतात, म्हणून क्रम चुकला की फेऱ्या वाढतात. सगळ्यात जास्त दमवलं ते सहीनं. वहीच्या मागच्या पानावर नवी सही गिरवून गिरवून बसवली, खात्यावरचं नावही बदलून घेतलं, आणि दोन महिन्यांनी चेक परत आला: सही जुळत नाही. नाव नवं झालं होतं, नमुना सही जुनीच राहिली होती. तो चेक घरभाड्याचा होता. नाव बदलाल त्याच दिवशी नमुना सहीही बदलून घ्या आणि तिची पोच मागा.

पदवीच्या प्रमाणपत्रावर मात्र बहुधा जुनंच नाव राहतं. म्हणजे विवाहाचा दाखला आयुष्यभर सांभाळायचा, कारण त्या दोन नावांची माणसं एकच आहेत याचा तोच पुरावा.

ठेवणाऱ्यांचं कागदांचं काम जवळजवळ शून्य. त्यांना त्रास होतो तो माणसांचा. पत्रिकेवर, निमंत्रणावर, हॉटेलच्या नोंदीत लोक परस्पर नवऱ्याचं आडनाव लावून मोकळे होतात. बहीण दर वेळी शांतपणे दुरुस्त करते. सुरुवातीला तिला वाईट वाटायचं, आता सवय झाली. सासरच्यांशी एकदाच, लग्नाआधी, समोरासमोर बोलून घ्यावं. नंतर कुठल्यातरी फॉर्मवरून त्यांना कळलं तर ते जास्त लागतं.

हा हक्क काही आपोआप मिळालेला नाही. अमेरिकेत स्त्रीहक्कांसाठी लढणाऱ्या ल्युसी स्टोन यांनी १८५५ मध्ये लग्न करूनही स्वतःचं नाव ठेवलं. नवऱ्याचं आडनाव लावायला नकार दिला म्हणून १८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये शाळा समितीच्या निवडणुकीत त्यांना मतदान करू दिलं नाही. जपानचा कायदा आजही नवराबायकोचं आडनाव एकच मागतो. ते कुणाचंही चालतं, पण बहुतेक जोडप्यांत बदलते ती बायकोच. २०१५ आणि २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही तरतूद कायम ठेवली. कॅनडातल्या क्वीबेकमध्ये १९८१ पासून याच्या अगदी उलट आहे: लग्न झालं तरी कायदेशीर नाव जन्माचंच. तेव्हा आधी तुमच्या देशाचा कायदा पाहा. काही ठिकाणी निवडच नसते.

दोन्ही आडनावं जोडणं हा सोयीचा मध्यममार्ग वाटतो. मला तो कागदावर सगळ्यात कटकटीचा वाटतो. पासपोर्टच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या दोन ओळी असतात, त्यात नावासाठी फक्त ३९ जागा. तिथं जोडरेघ चालतच नाही, तिच्या जागी कोनाची खूण (<) येते. मग तिकिटावर दोन्ही आडनावं चिकटून, बँकेत जोडरेघेसह, तिसरीकडे पहिलं आडनाव मधलं नाव होऊन बसलेलं. दोन्ही नावं जिवापाड हवी असतील तर जरूर जोडा, पण एकच रूप ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा.

आणखी एक वाट आहे: कागदोपत्री नवं नाव, कामात जुनं. लेखक, डॉक्टर, कलाकार हे बरेचदा करतात. संशोधकांना तर २०१२ पासून ऑर्किड (ORCID) या जागतिक नोंदणीचा १६ अंकी ओळखक्रमांक आहे. त्यामुळे नाव बदललं तरी जुने-नवे निबंध एकाच व्यक्तीच्या खात्यावर राहतात. नवऱ्यानं बायकोचं आडनाव घेणं हाही खरा पर्याय आहे. मात्र अनेक ठिकाणी पुरुषाला त्यासाठी वेगळा, लांबचा अर्ज करावा लागतो. ही गोष्ट मला साफ अन्यायाची वाटते.

माझ्या मते "प्रेम किती" हा निकष इथं लावूच नये. तुमचं नाव आतापर्यंत कुठं कुठं लिहिलं गेलंय, याची एक यादी करा. त्या नावावर निबंध, खटले, रुग्ण, ग्राहक, मालमत्ता असेल तर ठेवा. यादी लहान असेल आणि नवं नाव मनापासून हवं असेल तर बदला. अजिबात ठरत नसेल तर आत्ता ठेवा. पुढे बदलायची वाट बहुतेक ठिकाणी उघडी असते. एकदा बदलून परत फिरायचं म्हणजे ही सगळी साखळी दुसऱ्यांदा, आणि तीही बहुधा आयुष्यातल्या वाईट दिवसांत.

बदलायचं ठरलंच असेल, तर लग्नानंतरच्या प्रवासाचं तिकीट पासपोर्टवर आज जे नाव आहे त्याच नावानं काढा आणि पासपोर्टचा अर्ज परतल्यावरच करा.