फोटो मेकॅनिक आणि लाइटरूम क्लासिक: लग्नसराई आणि शिगम्यानंतरचा अनुभव

संपादनाचं सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण स्लायडर बघतात. रंग कुणाचे चांगले, त्वचा कोण गुळगुळीत करतं, आकाश एका क्लिकमध्ये कोण बदलून देतं. लग्नसराई आणि तिच्या पाठोपाठ येणारा गोव्यातला शिगमो अशा सलग कामात महिनोन्महिने वापरल्यावर कळतं की स्लायडर सरकवायला फारसा वेळ लागतच नाही. वेळ जातो तो पुढचा फोटो पडद्यावर धूसरचा स्पष्ट होईपर्यंत थांबण्यात. एका फोटोमागे दोनच सेकंद धरली तरी दोन हजार फोटोंच्या लग्नात तासाहून जास्त वेळ नुसती वाट बघण्यात जातो, आणि तेव्हा एकाही फोटोचं संपादन झालेलं नसतं.

म्हणून इथे शिफारस एका सॉफ्टवेअरची नसून जोडीची आहे. छाटणी, म्हणजे ठेवायचे फोटो निवडणं, आणि फोटोओळी, म्हणजे फोटोखालचा मजकूर, फोटो मेकॅनिकमध्ये, रंगकाम लाइटरूम क्लासिकमध्ये. महिन्याला एखाद-दुसरं काम असेल, फोटो तीनचारशेच असतील, तर ही जोडी घेऊ नका. लाइटरूम एकटं पुरतं. एका रात्रीत वर्तमानपत्राला वीस फोटो आणि सकाळी घरच्यांना शंभर फोटो द्यायचे असतील तर पुढचं वाचा.

फोटो मेकॅनिक वेगवान का, हे आधी समजून घ्यावं, कारण त्याची मर्यादाही त्यातच आहे. ते रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, उलगडत नाही. प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला एक जेपीईजी असतो, तेवढाच ते उचलून दाखवतं. त्यामुळे बाण दाबला की फोटो हजर. पण तो जेपीईजी केवढा, हे कॅमेऱ्यावर अवलंबून. कॅनन आणि निकॉनच्या बहुतेक बॉडींमध्ये तो पूर्ण आकाराचा असतो आणि शंभर टक्क्यांवर डोळ्यांचा फोकस नीट तपासता येतो. सोनी ए७ मार्क ३ सारख्या बॉडीत तो १६१६ × १०८० पिक्सेलचाच असतो. तिथे मोठा करून पाहिला तर धारदार फोटोही मऊ दिसतो आणि चांगली फ्रेम फुकट बाद होते. अशा कॅमेऱ्यावर रॉसोबत जेपीईजीही काढावा, नाहीतर छाटणीला फास्टरॉव्ह्यूअर घ्यावं; ते खरोखर रॉ वाचतं आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेखही, रॉचाच दाखवतं.

दुसरी खूणगाठ अशी की पडद्यावर दिसतो तो कॅमेऱ्याचा जेपीईजी आहे, म्हणून उजेडावरून कुणाला बाद करू नये. किनाऱ्यावरच्या संध्याकाळच्या लग्नात नवरीचा पांढरा गाऊन या दृश्यात जळालेला दिसतो, आणि रॉमध्ये बऱ्याचदा त्याची वीण शाबूत असते. छाटणी करताना फक्त फोकस, मिटलेले डोळे आणि क्षण बघावा.

छाटणीच्याही आधी कार्ड रिकामं करणं आलं. दोन हजार रॉ, प्रत्येकी ३० एमबी धरली तर ६० जीबी. जुन्या यूएसबी २ रीडरवर प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबी मिळतात, म्हणजे जवळजवळ अर्धा तास. यूएचएस-१ कार्ड आणि बरा रीडर असेल तर साधारण अकरा मिनिटं. यूएचएस-२ कार्डाला त्याच जातीचा रीडर आणि खाली एसएसडी असेल तर चार-पाच मिनिटं. सॉफ्टवेअर बदलण्याआधी रीडर बदलणं स्वस्त पडतं, हे कुठल्याही तुलनेत कुणी लिहीत नाही. फोटो मेकॅनिकच्या 'इन्जेस्ट' खिडकीत एकाच वेळी दोन ठिकाणी प्रत काढता येते, दोन कार्डं एकत्र लावता येतात, आणि प्रत निघत असतानाच छाटणी सुरू करता येते. बातमीवाल्यांसाठी आणखी एक सोय आहे. कॅमेऱ्यावरच जे फोटो लॉक केले, फक्त तेवढेच उतरवायला सांगता येतं. मिरवणुकीत दोन चित्ररथांच्या मध्ये जी पाचदहा मिनिटं मिळतात त्यात कॅमेऱ्याच्या पडद्यावर लॉक करून ठेवलं की लॅपटॉपवर निम्मं काम झालेलंच असतं.

फोटोओळींवर जरा थांबायला हवं, कारण मराठी लिहिणाऱ्यांची अडचण इंग्रजी समीक्षेत सापडत नाही. फोटोच्या आत माहिती दोन पद्धतींनी लिहिली जाते: जुनी आयपीटीसी-आयआयएम आणि नवी एक्सएमपी. एक्सएमपीमध्ये देवनागरी बिनबोभाट चालते. जुन्या पद्धतीत मात्र रकान्याची मर्यादा अक्षरांत नसून बाइटमध्ये आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण, काना-मात्रा आणि हलन्त धरून, तीन बाइट खातो. फोटोओळीच्या रकान्याला २००० बाइट आहेत, म्हणजे सुमारे ६६० वर्ण, ते पुरतात. शहराच्या रकान्याला मात्र ३२ बाइटच. 'पणजी' १२ बाइटमध्ये बसते, 'म्हापसा' २१ मध्ये. 'वास्को द गामा' मोकळ्या जागा धरून ३५ बाइट होतं, आणि शेवट कापला जातो. शहरापुरतं 'वास्को' लिहावं, पूर्ण नाव फोटोओळीत घालावं. छायाचित्रकाराच्या नावाचा रकानाही ३२ बाइटचाच आहे; नाव-आडनाव देवनागरीत क्वचितच मावतं. पसंतीच्या (प्रेफरन्सेस) खिडकीत मजकुराची लिपी-संकेतन पद्धत यूटीएफ-८ आहे ना, हेही एकदा बघून घ्यावं. नसेल तर पलीकडे उपसंपादकाला ओळीच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसते.

खरा वेळ वाचतो तो 'कोड रिप्लेसमेंट'ने. साधी मजकूर फाइल करायची. प्रत्येक ओळीत आधी छोटा कोड, मग टॅब, मग पूर्ण मजकूर. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करायची. फोटोओळ लिहिताना दोन तिरक्या रेघांच्या मध्ये कोड टाकला की तिथे पूर्ण मजकूर येतो. शिगम्याच्या मिरवणुकीत तेच ते शब्द शंभरदा लागतात: रोमटामेळ, घोडेमोडणी, चित्ररथ स्पर्धा, लोकनृत्य पथक, पथकांची नावं, गावांची नावं. दुपारीच आयोजकांकडून पथकांचा क्रम मिळवून त्याची फाइल तयार ठेवली तर रात्री टंकायला फारसं उरत नाही, आणि मुख्य म्हणजे गावाचं नाव चुकत नाही. टॅबऐवजी मोकळी जागा पडली की ती ओळ चालत नाही. फाइल बिघडली असं वाटलं तर आधी तेच तपासावं.

आता दोन सॉफ्टवेअरमधला पूल. फोटो मेकॅनिकचा 'टॅग' (निवडीची खूण) लाइटरूमला वाचता येत नाही. रंगीत खुणांचंही असंच. दोन्हीकडे रंगांची नावं वेगळी असतात आणि नाव जुळलं नाही की लाइटरूम पांढरी खूण दाखवून मोकळं होतं. तारे मात्र सरळ जातात. म्हणून पसंतीत साधा आकडा दाबल्यावर तारा लागेल असं ठरवून घ्यावं आणि फक्त ठेवायच्या फोटोंना एक तारा द्यावा. नकोशा फोटोंना खुणा करत बसू नये. दोन हजारांतून सहाशे उचलणं हे चौदाशे बाद करण्यापेक्षा निम्म्याहून कमी कळा दाबून होतं. मग ताऱ्यांचे तेवढेच फोटो लाइटरूममध्ये 'अ‍ॅड' पर्यायाने घ्यावेत, पुन्हा प्रत काढू नये.

एकदा लाइटरूममध्ये आलं की परत फोटो मेकॅनिकमध्ये जाऊन तारे बदलू नयेत. लाइटरूमला ते आपोआप कळत नाही, आणि फाइलमधून माहिती पुन्हा वाचायला सांगितली तर कॅटलॉगमध्ये, म्हणजे लाइटरूमच्या नोंदवहीत, असलेलं पण फाइलवर न लिहिलेलं रंगकाम धोक्यात येतं. वाट एकाच दिशेची ठेवावी.

लाइटरूममध्ये घेताना प्रीव्ह्यू 'एम्बेडेड अँड साइडकार' निवडावा आणि स्मार्ट प्रीव्ह्यू बनवायला सांगावेत. स्मार्ट प्रीव्ह्यू म्हणजे लांब बाजूला २५६० पिक्सेलची हलकी प्रत. परफॉर्मन्सच्या पानावर मूळ फाइलऐवजी हीच प्रत संपादनाला वापरायची अशी एक खूण आहे. ती लावली की साध्या लॅपटॉपवरही 'डेव्हलप' या संपादनाच्या पानावर फोटो पटापट सरकतात. बारीक गोंगाट (नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे) आणि धार तपासायची असेल तेव्हा ती खूण काढावी, कारण लहान प्रतीवर गोंगाट खऱ्यापेक्षा कमी दिसतो. कॅमेरा रॉ कॅश (तात्पुरत्या साठ्याची जागा) वाढवून २० जीबीच्या पुढे न्यावी. आणि प्रत्येक बदल लगेच एक्सएमपीमध्ये लिहिण्याची सोय बंद ठेवावी. फोटो फिरत्या हार्ड डिस्कवर असतील तर तिने प्रत्येक पावलाला अडखळायला होतं. काम संपल्यावर सगळे फोटो निवडून एकदाच कंट्रोल-एस दाबावं.

रंगकामात फोटोमागून फोटो न जाता उजेडामागून उजेड जावं. एका उजेडातले फोटो एकत्र निवडायचे, एकावर रंग बसवायचा, बाकीच्यांवर सिंक करायचा. 'मॅच टोटल एक्स्पोजर्स' ही आज्ञा फार कमी जण वापरतात. शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांचा हिशेब करून ती सगळ्या फ्रेमचा उजेड एका पातळीवर आणते. सभागृहातल्या स्थिर दिव्यांखाली ती अचूक चालते, ढगाळ दुपारी उपयोगी नाही. उजेडच बदलला तर कॅमेऱ्याच्या आकड्यांतून तो कळणार कसा?

गोव्यातला उजेड प्रीसेटला, म्हणजे आधी जतन केलेल्या मापांना, दाद देत नाही. देवळाच्या गाभाऱ्यात समईच्या उजेडाचं रंगतापमान २००० केल्व्हिनच्याही खाली असतं आणि लाइटरूमचा स्लायडर २००० वरच थांबतो. तिथे पांढरा रंग पांढरा करायच्या मागे लागूच नये. पिवळसरपणा ठेवून नारिंगीची सॅच्युरेशन थोडी उतरवली की पुजाऱ्याच्या सोवळ्याला रंग येतो आणि चेहराही तापत नाही. नाटकाच्या रंगमंचावर आणि चित्ररथांवर निळ्या-जांभळ्या एलईडीने चेहऱ्याचा सपाट डाग होतो. एक्स्पोजर कमी करून तो जात नाही. कॅलिब्रेशनमध्ये निळ्या प्रायमरीची सॅच्युरेशन खाली आणली की डागात पुन्हा नाक-डोळे दिसू लागतात. कुणबी साडीचा लाल तिसरी अडचण. पूर्ण हिस्टोग्राम ठीक दिसतो, पण लाल चॅनल एकटाच उजव्या भिंतीला टेकलेला असतो आणि चौकड्या सपाट होतात. 'J' ही कळ दाबून कापला गेलेला भाग बघावा, प्रोफाइल न्यूट्रल घ्यावा, मग लालाची ल्युमिनन्स उतरवावी.

गोंगाट काढणारं एआय डीनॉइज उत्तम आहे, पण ग्राफिक्स कार्डावर चालतं. वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर एका फोटोला काही मिनिटं लागतात, म्हणून ते अल्बममध्ये जाणाऱ्या फोटोंपुरतंच ठेवावं. शिरगावच्या जत्रेत रात्री होमकुंडाच्या उजेडात आयएसओ ६४०० च्या पुढेच जातो. तिथे त्याचं मोल कळतं. एआय मास्क (फोटोचा ठराविक भाग आपोआप निवडणारे) सिंक केले की प्रत्येक फोटोवर ते नव्याने मोजले जातात, म्हणून उजेड आणि रंग आधी, मास्क शेवटी.

पर्यायांबद्दल थोडक्यात. कॅप्चर वनची सेशन पद्धत ज्यांच्याकडे मदतनीस आहे त्यांना जास्त सोयीची. कॅप्चर, सिलेक्ट्स, आउटपुट आणि ट्रॅश असे चार फोल्डर, आणि संपादन फोटोंसोबतच राहतं. फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर नेला की रंगकामही जातं. स्पीड एडिटमध्ये क्यू दाबून धरून माउसचं चाक फिरवलं की एक्स्पोजर बदलतं, पॅनलकडे जावंच लागत नाही. त्वचेच्या रंगासाठी त्यातलं साधन लाइटरूमपेक्षा सरस आहे. स्टुडिओत केबल लावून काम करणाऱ्यांनी हेच घ्यावं. डार्कटेबल फुकट आणि मुक्त आहे, रंगाचं गणित भक्कम आहे, पण शिकायला सवड हवी. त्यात छाटणी संथ वाटत असेल तर लाइटटेबलच्या पसंतीत एम्बेडेड जेपीईजीऐवजी रॉ वापरायची मर्यादा 'नेव्हर' करावी.

एक्स्पोर्टला तीन प्रीसेट पुरतात: वर्तमानपत्राला लांब बाजू २४०० पिक्सेल, मोबाइलवर पाठवायला त्याहून लहान, आणि अल्बमला पूर्ण आकार. तिन्ही एसआरजीबी या रंगपद्धतीत. १२ × ३६ इंचाचं करिझ्मा (छापील अल्बमचं) पान ३०० डीपीआयला ३६०० × १०८०० पिक्सेल होतं, त्यामुळे पूर्ण पानभर एकच फोटो टाकायचा तर आधी पिक्सेल मोजावेत. दर्जा १०० ठेवायची गरज नाही. ८० ला फाइल बरीच लहान होते आणि छापलेल्या पानावर फरक दिसत नाही.

जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल सांगता येत नाही. कॅटलॉग लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवरच असावा, बाहेरच्या डिस्कवर नको. लिहिताना डिस्कची वीज तुटली की कॅटलॉग बिघडू शकतो. बंद करताना लाइटरूम बॅकअप विचारतं तेव्हा 'टेस्ट इंटेग्रिटी'ची खूण ठेवावी आणि तो बॅकअप दुसऱ्या डिस्कवर जाऊ द्यावा. बॅकअपमध्ये फोटो नसतात, फक्त संपादन असतं.

पावसात कामं नसतात म्हणून लाइटरूमचं भाडं बंद ठेवायचा विचार बरेच जण करतात. वर्षाचा करार मासिक हप्त्यांनी असेल तर मध्येच सोडताना शुल्क लागतं, ते आधी बघावं. भाडं संपल्यावर कॅटलॉग उघडतो, फोटो दिसतात, एक्स्पोर्टही होतात. डेव्हलप आणि मॅप ही पानं मात्र बंद होतात. म्हणजे जुलैत कुणी अल्बमच्या पानावरचा एक चेहरा उजळून मागितला तर तो त्या महिन्यात होणार नाही, म्हणून अल्बमचे प्रूफ मे महिन्यातच मंजूर करून घ्यावेत.