वर्कबेंचसाठी जुनं लाकूड: तुळई घ्यावी, पॅलेट टाळावं

सुतारकामाच्या बेंचला वजन आणि न हलणारा माथा हवा. त्या कसोटीवर जुन्या घराची तुळई नव्या लाकडापेक्षा सरस ठरते, कारण तिचं आकसणं-पिळणं बहुतेक होऊन गेलेलं असतं. तरी मॉइश्चर मीटर (लाकडातला ओलावा मोजणारं यंत्र) ताज्या कापावर लावा. उघड्यावर पडलेली तुळई आतून ओली निघते. १२ टक्क्यांच्या आसपास आकडा आला की कामाला घ्या.

टोकाकडून पाहा. वाढीच्या वर्तुळांचा मध्य तुळईतच असेल तर तिथून बाहेर गेलेली चीर रंध्याने जाणार नाही. अशी तुळई मधोमध चिरून गाभा काढायचा, उरलेल्या पट्ट्या उभ्या चिकटवून ७५ ते १०० मिमी जाडीचा माथा करायचा. रंधून ५-१० मिमी जाडी जाते, ती आधीच धरा.

खरा त्रास खिळ्यांचा. डोकं तुटलेला खिळा दिसत नाही. काळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे किंवा होतं असं समजा. मेटल डिटेक्टर चारही बाजूंनी फिरवा, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच. भोकांतून ताजी बारीक भुकटी गळत असेल तर कीड जिवंत आहे, सोडून द्या.

पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी चौकटीच्या) फळ्या माथ्याला पातळ पडतात, फार तर खालच्या मांडणीला चालतील. 'एमबी' शिक्का असेल तर त्याही नकोत, ती मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीटकनाशकाची धुरी. क्रिओसोट (लाकूड टिकवायला वापरलेलं डांबरासारखं विषारी तेल) पाजलेले रेल्वे स्लीपर? फुकट मिळाले तरी नको.