बंदरातल्या शंटिंगला कोणतं घ्यावं: डॉकसाइड की टेंडरवालं ०-६-०?

मॉडेल रेल्वेत, एचओ मापात (खऱ्याच्या १/८७) बंदराचा किंवा गोदामांच्या आळीचा छोटा लेआउट करायचा आणि त्यावर शंटिंग, म्हणजे डबे ढकलत-ओढत जागी लावणं, करायचं म्हटलं की वाफेच्या इंजिनाची निवड बहुधा या दोघांवर येऊन थांबते: छोटं डॉकसाइड, किंवा ०-६-० म्हणजे सहा चालक चाकांचं, मागे टेंडर (कोळसा-पाण्याची जोडगाडी) असलेलं. मीही तिथेच अडलो होतो. आता दोन्ही माझ्याकडे आहेत.

डॉकसाइडवर जीव जडतोच. बाल्डविनने १९१२ साली बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेसाठी अशी चारच इंजिनं बांधली. बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी, चाकं चार, मागे टेंडर नाही. बाल्टिमोरच्या धक्क्यावरची, भर रस्त्यातली आवळ वळणं त्यांना त्यामुळेच जमायची. मॉडेल मुठीत मावतं. माझी फळी सहा फुटी, तिच्यावर इंगलनुक हे शंटिंगचं कोडं: एक साइडिंग (बाजूचा रूळ) पाच डब्यांची, दोन तीन-तीनच्या. हेडशंटवर, म्हणजे मागे-पुढे करायच्या टोकाच्या रुळावर, इंजिन आणि तीन डबे मावायलाच हवेत. डॉकसाइड तिथे आरामात बसलं. ०-६-० टेंडरसकट वीतभर लांब, त्याच्यासाठी फळीला तुकडा जोडावा लागला.

तरीही माझा कल फिरला तो फ्रॉगमुळे. पॉइंटवर, म्हणजे रूळ फुटतो तिथे, दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा म्हणजे फ्रॉग. माझे फ्रॉग प्लॅस्टिकचे आहेत, त्यांतून इंजिनाला वीज मिळत नाही. शंटिंगमध्ये इंजिन गोगलगायीच्या चालीने न्यायचं असतं, आणि नेमकं त्याच वेगात डॉकसाइड फ्रॉगवर मरतं. चार चाकांतलं एक प्लॅस्टिकवर, त्याच बाजूच्या दुसऱ्याखाली धुळीचा कण, की वीज गेली. मग बोटाने ढकला. रूळ पुसले, चाकं पुसली, दोन दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. बाबा साताऱ्याहून आले होते, तेव्हा त्यांना मुद्दाम बसवून दाखवलं. त्यांनी मिरज यार्डातलं वाफेचं शंटिंग लहानपणी पाहिलेलं. तीनदा बोट लागल्यावर ते हळूच म्हणाले, "तिथे कुणी ढकलत नसे रे." ते मनाला लागलं.

०-६-० च्या टेंडरची आठ चाकंही रुळांतून वीज घेतात. गेल्या हिवाळ्यापासून माझ्या आठवणीत ते फ्रॉगवर एकदाही थांबलेलं नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने रेल्वे ताब्यात घेतल्यावर जे प्रमाणित आराखडे केले, त्यांतलं हे इंजिन. अशी २५५ बांधली आणि ती अनेक रेल्वेंकडे गेली, त्यामुळे तुमच्या आवडीच्या रेल्वेचं नाव त्यावर सहसा शोभतं. टेंडरमध्ये डीकोडर (डिजिटल आज्ञा घेणारी चिप) आणि क्षणभर वीज पुरवणाऱ्या कपॅसिटरलाही जागा मिळते. डॉकसाइडच्या टाकीत मला कपॅसिटर काही बसवता आला नाही.

तुमचे फ्रॉग धातूचे, वीज जोडलेले असतील आणि फळी खरंच आखूड असेल, तर डॉकसाइड घ्यायला माझी हरकत नाही. पण एकच इंजिन घेणार असाल, तर मी टेंडरवालं सुचवेन. खऱ्या डॉकसाइडपैकीही काहींची खोगीर-टाकी पुढे काढली गेली आणि मागे टेंडर जोडला गेला. माझं डॉकसाइड आता शेडसमोर उभं असतं. रविवारी चाकं पुसून, जिथे फ्रॉग नाही त्या सरळ रुळावर मी ते चालवतो.