आठ तारा, सोळा टोकं: शिडाच्या बोटीचे तणावे बदलल्यावरचे आठ महिने

जयगडच्या खाडीत माझी २४ फुटी फायबरची शिडाची बोट आहे. वापरलेली घेतली, तेव्हा डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा, म्हणजे तणावे, किती जुन्या आहेत हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं. "स्टेनलेस आहे, काही होत नाही," एवढंच उत्तर मिळालं. गेल्या पावसाळ्यात मी त्या तारा नीट तपासल्या, ऑक्टोबरात सगळ्या बदलल्या, आणि आता मे संपत आलाय, बोट पुन्हा वर ओढली आहे. मधल्या आठ महिन्यांत नवीन काम कसं टिकलं ते सविस्तर लिहितोय, कारण आपल्या किनाऱ्यावर शिडाची बोट ठेवणारे मोजकेच आहेत आणि जो तो हे प्रश्न एकट्यानेच सोडवत बसतो.

माझ्या बोटीला एकूण आठ तारा आहेत. पुढे एक, मागे एक, दोन्ही बाजूंना डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत जाणारी एकेक आणि निम्म्यापर्यंत जाणाऱ्या दोन-दोन, त्या खालच्या तारा. सगळ्या ५ मिलिमीटरच्या. या तारेत १९ तंतू असतात: मधे १, त्याभोवती ६, बाहेर १२. प्रत्येक तंतू १ मिलिमीटर जाडीचा. अशी नवी तार साधारण दोन टनाला तुटते, त्यामुळे भर समुद्रात तार मधेच तुटेल ही भीती फारशी खरी नाही. तुटतं ते टोक. तार जिथे जाड नळीत दाबून बसवलेली असते, त्याला स्वेज म्हणतात, तिथे.

तपासणी घरीच केली. डोलकाठी नऊ मीटरची, पडवीत ठेवली तर दोन हात बाहेर अंगणात येते. आईच्या वातींच्या कापसातला एक पुंजका घेतला आणि प्रत्येक तारेवरून वरून खाली ओढत नेला. सात तारांवरून कापूस सरळ आला. डाव्या बाजूच्या मागच्या खालच्या तारेवर मात्र, स्वेजच्या तोंडाशी अगदी टेकून, कापसाचा एक धागा अडकून राहिला. भिंगातून पाहिलं तर एक तंतू तुटून जेमतेम अर्धा मिलिमीटर वर आला होता. वर्षभर मी त्याच तारेला धरून बोटीत चढत-उतरत होतो आणि हाताला कधी लागलं नव्हतं.

मग भाचा मदतीला आला. तो फॅब्रिकेशनच्या कामावर आहे, वेल्डिंगमधली चीर रंगाने शोधायची डीपी टेस्ट त्याच्या रोजच्या हातातली. टोक आधी साफ करायचं, लाल रंग फवारायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, रंग पुसून टाकायचा आणि वरून पांढरा फवारा मारायचा. चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. सोळा टोकांपैकी तीन टोकांवर उभी लाल रेघ आली, केसासारखी बारीक, आणि तिन्ही टोकं खालची होती. "मामा, ही बोट तुम्ही एप्रिलमध्ये आंबोळगडला नेली होतीत ना?" एवढंच तो म्हणाला. पुढे कोणी काही बोललं नाही.

खालचीच टोकं का जातात ते समजून घेण्यासारखं आहे. तारेवरचं खारं पाणी तंतूंच्या मधून उतरत खालच्या स्वेजमध्ये साचतं. वरच्या टोकाचं तोंड खाली असतं, तिथून पाणी निथळून जातं. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर असतो. तो खरचटला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुन्हा धरतो. बंद नळीत ऑक्सिजन पोचत नाही, थर धरत नाही आणि मीठ आतून खात राहतं. त्यात आपल्याकडे दिवाळीनंतर जूनपर्यंत पाऊस जवळपास नाहीच. म्हणजे बोट वापरायच्या सगळ्या महिन्यांत मीठ धुतलं जातच नाही, आणि वर उन्हाचा ताप. थंड देशांतली पुस्तकं तारांचं आयुष्य दहा ते पंधरा वर्षं सांगतात, तो हिशेब इथे धरू नये.

नंतर त्या तीनांपैकी एक टोक हॅकसॉने उभं कापलं. बाहेरून चकचकीत असलेल्या नळीच्या आत तपकिरी भुकटी होती, आणि बाहेरच्या बारा तंतूंपैकी चार नखाने हलत होते.

शेजारचे तांडेलकाका तरुणपणी शिडाच्या मचव्यावर होते. ते अंगणात आले, तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "आमचा काथ्याचा दोर मरायच्या आधी केस सोडायचा. लांबनं दिसायचं. हे तर कायच सांगत नाय रे."

त्यांच्या या बोलण्यावरच माझा पुढचा निर्णय झाला. पुन्हा स्वेज बसवायचं नाही, उघडून बघता येईल असंच टोक बसवायचं. तसंही स्वेज दाबायचं यंत्र इथे जवळपास नाही. स्टा-लॉक जातीची, पान्याने उघडणारी टोकं मागवली आणि ३१६ प्रतीच्या स्टेनलेसची तार. तारेपेक्षा टोकांनाच कितीतरी जास्त पैसे लागले, हे आधीच सांगून ठेवतो. पण तीच टोकं पुढच्या तारेलाही चालतात, आतली शंकूसारखी पाचर तेवढी नवी घ्यावी लागते.

बसवायला कौशल्यापेक्षा धीर लागतो. बाहेरचे बारा तंतू उलगडायचे, आतल्या सातांवर पाचर चढवायची, गाभा पाचरीच्या पुढे दीडेक मिलिमीटर ठेवायचा, बारा तंतू पुन्हा समान अंतराने भोवती बसवायचे आणि आवळायचं. पाचरीला एक खाच असते, तिच्यात बाहेरचा तंतू जाऊ द्यायचा नाही. माझ्या पहिल्याच टोकाला तो गेला. आवळून झाल्यावर प्रत्येक टोक एकदा उघडून बघायचं असतं, म्हणून ते सापडलं. नंतर आत सीलंट भरून, तारेभोवती ते बाहेर येईपर्यंत पुन्हा आवळायचं. हा सीलंट टाळला तर सगळा खटाटोप फुकट, कारण पाणी पुन्हा आत साचणार. पहिल्या टोकाला मला दीड तास लागला, शेवटच्याला वीस मिनिटं.

ताण मोजायला महागडं यंत्र घेतलं नाही. दोन मीटरची घडीची पट्टी पुरते. तार नुसती सरळ असताना पट्टीचं वरचं टोक तारेला चिकटवायचं आणि खालच्या टोकाशी तारेवर खूण करायची. १९ तंतूंच्या तारेत दोन मीटरमागे १ मिलिमीटर लांबी वाढली की तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण आला. शेंड्याच्या तारांना मी ३ मिलिमीटर दिले, म्हणजे १५ टक्के, साधारण तीनशे किलो. टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा आट्यांचा स्क्रू, कोरडी फिरवू नये. स्टेनलेसवर स्टेनलेस घासून आटे कायमचे धरतात. लॅनोलिनचं ग्रीस लावलं.

आता वापराबद्दल. नवी तार पहिल्या तीन-चार फेऱ्यांत बसते. नोव्हेंबरात, सकाळच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडून दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येताना, वाऱ्याखालच्या, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या तारा उघड उघड ढिल्या दिसत होत्या. दोनदा ताण दिला. डिसेंबरापासून बोट वीस अंश कलली तरी त्या तारा लटकत नाहीत, आणि डोलकाठीच्या शीड सरकवायच्या खाचेतून वर पाहिलं तर खाच सरळ दिसते. बोट पूर्वीपेक्षा वाऱ्याच्या जास्त जवळून चालते. जुन्या ढिल्या तारांनी पुढचं शीड किती पोटाळत होतं ते आत्ता कळलं.

फेब्रुवारीत मात्र एक प्रसंग झाला. जयगडच्या दीपगृहाबाहेर वायव्येचा चांगला वारा होता आणि उजवीकडची एक खालची तार अचानक नाचायला लागली. टर्नबकल तीन आटे उलगडली होती. तिला अडवणारी स्प्लिट पिन तुटून गेली होती. सगळं नवं घातलं, पण या बारक्या पिना मी जुन्याच सरळ करून पुन्हा वापरल्या होत्या. एकदा वाकवलेली पिन दुसऱ्यांदा वापरायची नसते, हे मी मनावर घेतलं नव्हतं. ती बाजू वाऱ्याखालीच होती म्हणून डोलकाठी वाचली. बोट वळवली नाही, दोन्ही शिडं उतरवली आणि इंजिनवर आत आलो. तणावा ज्या बाजूचा ढिला, ती बाजू वाऱ्यावर येऊ द्यायची नाही. वाऱ्याकडची तार गेली तर मात्र त्याच क्षणी बोट वळवायची. त्या संध्याकाळी सगळ्या पिना नव्या घातल्या. त्यांच्यावर चिकटपट्टी गुंडाळायची सवयही सोडली. तिच्याखाली खारं पाणी अडकतं आणि पिन दिसत नाही.

दुसरी तक्रार कठड्याच्या तारेची. ती शहरातल्या एका दुकानातून 'मरीन ग्रेड ३१६' म्हणून घेतली होती. सहा आठवड्यांत ती विटकरी झाली, शेजारच्या तणाव्यांवर मात्र चहाच्या डागासारखी हलकी छटा. मॉलिब्डेनम तपासायचा थेंब भाच्याने आणला, बॅटरी लावून बघितलं: ३०४ निघाली. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये ते घातलेलंच नसतं, आणि मिठात टिकण्याचा फरक तिथे पडतो. चुंबक लावून हे कळत नाही. माल हातात आला की आधी थेंब टाका. तणाव्यांवरची छटा नायलॉनच्या घासणीने आणि विहिरीच्या पाण्याने निघते. लोखंडी घासणी लावू नका, तिचे कण मागे राहून गंजतात. दर रविवारी दोन बादल्या गोडं पाणी खालच्या टोकांवर ओततो.

गेल्या आठवड्यात डोलकाठी उतरवली. सहाजण लागले, सगळे शेजारचे मच्छीमार. १ जूनची बंदी लागायच्या आत त्यांच्या स्वतःच्या होड्या ओढायची घाई असूनही आले. काल डावीकडची दोन खालची टोकं उघडली. सीलंट अखंड होता, कापून काढावा लागला. बाहेरचे बारा तंतू लखलखीत होते, पाचरीवर त्यांचे बारा समान वळ उमटले होते. तांडेलकाकांनी भिंग मागून घेतलं आणि स्वतः मोजले.

त्या दोन टोकांत नव्या पाचरी घालतोय. उरलेल्या सहा खालच्या टोकांपैकी दोन पुढच्या मेमध्ये उघडेन. तारा बोटीला जिथे अडकतात त्या चेनप्लेटचे बोल्ट डेकच्या आत जिथे दडलेले असतात ती जागा अजून बघायची राहिली आहे. एक बोल्ट काढला तर मानेशी बारीक खड्डे दिसले, तेव्हा या पावसाळ्यात ते सगळेच काढणार.