पसंतीचा नंबर 'नावावर करून' घेताना गेलेले ६५ हजार

वडिलांच्या राजदूत मोटारसायकलचा नंबर ४१४१ होता. वर एक रेघ मारली की 'दादा' वाचता येतं, आणि आमच्या गल्लीत वडिलांना अजूनही सगळे दादाच म्हणतात. त्यामुळे गेल्या दसऱ्यासाठी गाडी बुक केली तेव्हाच ठरवलं होतं, नंबर घ्यायचा तर हाच. कोल्हापुरात असल्या हौसेला कोणी हसत नाही.

चालू सिरीजमध्ये ४१४१ आधीच गेलेला होता. पुढची सिरीज उघडेपर्यंत थांबणं हा सरळ मार्ग होता, पण मला दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा होता. आरटीओबाहेरच्या एका एजंटनं ते बरोबर हेरलं.

"साहेब, एकानं नंबर आरक्षित करून ठेवलाय, फी भरलीय. बँकेनं लोन नाकारलं, गाडी काय येत नाही त्याची. तुमच्या नावावर करून देतो."

मी म्हटलं, असं नावावर होत नाही. त्यानं लगेच मोबाईलवर बातमीचं कात्रण दाखवलं. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी सरकारनं पसंतीच्या क्रमांकांची फी वाढवली, मुंबई-पुण्यात चारचाकीचा ०००१ चार लाखांवरून सहा लाखांवर गेला, त्याचीच बातमी. त्यात खाली एक ओळ होती, की असा क्रमांक आता हस्तांतरित करता येईल. बातमी खरी होती. पण पुढची ओळ कात्रणात नव्हती: हस्तांतर फक्त पती-पत्नी, मुलगा-मुलगी अशा जवळच्या घरच्यांनाच. मी ती बातमी स्वतः शोधून शेवटपर्यंत वाचली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

व्यवहार ठरला ६५ हजारांना. ४० हजार यूपीआयनं, २५ हजार रोख, 'आतल्या कामाला'. मग त्यानं ५०० च्या स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणलं. त्यात मी त्या नंबरवाल्याचा 'कुटुंबीय' होतो. ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही त्याचा कुटुंबीय! "नुसती फॉर्म्यालिटी हो," असं म्हणून त्यानं पेनाचं टोपण काढूनच माझ्या हातात दिलं. मी सही केली.

चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर पावती आली. मी ती घेऊन शोरूमला गेलो. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीनं पावती क्रमांक टाकून बघितला, काहीच येईना. दोनदा टाकला. मग तिनं माझा मोबाईल घेऊन पावती मोठी केली आणि बोट ठेवलं. माझं नाव आणि ४१४१ एवढीच अक्षरं बाकीच्यांपेक्षा जरा जाड होती. कुणाच्या तरी जुन्या पावतीवर वरून टाईप केलेलं. एजंटचा फोन तोवर बंद झाला होता.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे देऊन नऊ दिवस झाले होते. एजंटच्या खात्यात काही शिल्लक नव्हतं. रोख रकमेचा तर पुरावाच नाही. पोलीस ठाण्यात मात्र जे झालं त्याचा मी विचारच केला नव्हता. हवालदारांनी सगळे कागद चाळले, स्टँपपेपरवर थांबले आणि विचारलं, "ही सही तुमचीच काय?" खोट्या प्रतिज्ञापत्रावर माझी सही होती. तेव्हा कळलं की तो कागद आरटीओसाठी नव्हताच, मी तक्रारीला जाऊ नये म्हणून होता. अशा कामात कुणी तुमच्याकडून बारीकसं खोटं लिहून घेत असेल तर तिथूनच उठा. मी तक्रार दिली, सहीसकट. तपास चालू आहे असं सांगतात.

ज्यांना नंबर हवाच आहे त्यांनी परिवहनच्या अधिकृत फॅन्सी नंबर पोर्टलवर स्वतःच्या नावानं लॉगिन करावं, फी तिथंच ऑनलाइन भरावी, आणि शोरूमनं नोंदणी करायच्या आधी पावती त्यांना द्यावी. नंबर गेलेला असेल तर गेला. कुणाच्या जुन्या गाडीवर तो असेल आणि ती गाडी तुम्ही विकत घेतली, तर फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर होते, नंबर त्या गाडीबरोबर येतो. 'गाडी राहू दे, नुसता नंबर देतो' म्हणणाऱ्या परक्या माणसाकडे द्यायला काही नसतं.

गाडी दसऱ्यानंतर अकरा दिवसांनी आली, साधा नंबर घेऊन. दादांनी नारळ फोडला, पाटीकडे बघितलं आणि म्हणाले, "राजदूतचा तरी आपण कुठं मागून घेतला होता? मिळाला तो मिळाला." ६५ हजारांचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.