थंडरबर्ड : गटचर्चेतील उत्तरांसाठी विश्वासाचा ईमेल प्रोग्रॅम

गटचर्चेतील ईमेलला उत्तर देताना मूळ पत्रातले किती उद्धृत करावे, याचा संकेत जुना आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १८५५ या इंटरनेटवरील शिष्टाचाराच्या दस्तऐवजाने मूळ पत्राचा सारांश वर द्यावा किंवा संदर्भ लागेल एवढाच मजकूर ठेवावा, असे सुचवले होते. तरीही अनेक ईमेल सेवा आज सबंध जुने पत्र उत्तराखाली आपोआप जोडतात आणि दहाव्या उत्तरापर्यंत कोण कशाला होकार देत आहे हेच कळेनासे होते. म्हणून मोझिलाच्या थंडरबर्ड या मोफत ईमेल प्रोग्रॅमचे परीक्षण मी मुख्यतः याच कसोटीवर करत आहे.

थंडरबर्डची सर्वांत मोलाची सोय बहुतेकांना ठाऊकच नसते. समजा, एखाद्याने भाषांतर गटात तारखेची मांडणी, अनेकवचने आणि फॉन्ट असे तीन प्रश्न एकाच पत्रात विचारले आहेत आणि आपल्याला फक्त अनेकवचनांविषयी सांगायचे आहे. अशा वेळी तेवढा परिच्छेद माऊसने निवडून मग ‘रिप्लाय’ दाबले, तर उत्तरात तेवढाच परिच्छेद, वर लिहिणाऱ्याच्या नावासह, उद्धृत होऊन येतो. तिन्ही प्रश्नांना उत्तर द्यायचे असेल, तर उद्धृत मजकुरात हवे तिथे कर्सर नेऊन एन्टर दाबावे. अवतरण तिथे दुभंगते आणि प्रत्येक प्रश्नाखाली त्याचे उत्तर लिहिता येते. लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, चर्चांमध्ये कोडच्या नेमक्या ओळीखाली अभिप्राय लिहिण्याची जी शिस्त आहे, ती हीच. वाचणाऱ्याचा वेळ आपल्या वेळेइतकाच मोलाचा मानणारी ही पद्धत मला फार आदराची वाटते.

दोन हायफन आणि एक रिकामी जागा अशा ओळीने सुरू होणारी स्वाक्षरी थंडरबर्ड उत्तरातून आपणहून वगळतो. उत्तर गटाच्या पत्त्यावरच जावे यासाठी ‘रिप्लाय लिस्ट’ हे वेगळे बटणही आहे.

उणीव मात्र आहे आणि ती किरकोळ नाही. सेटिंग्ज न बदलता आणि मजकूर न निवडता ‘रिप्लाय’ दाबल्यास संपूर्ण पत्र उद्धृत होते आणि कर्सर तळाशी जातो. उत्तर अवतरणाखाली लिहिले, एवढ्यानेच अनेकांना संकेत पाळल्यासारखे वाटते, पण न छाटलेल्या चाळीस ओळींखाली दिलेला एका ओळीचा होकार वाचकाला तितकाच त्रासदायक असतो. शिवाय उत्तर अवतरणाच्या वर हवे की खाली, हे प्रत्येक खात्याच्या ‘कंपोझिशन अँड अ‍ॅड्रेसिंग’ या पानावर स्वतंत्रपणे ठरवावे लागते. तीन खाती असतील तर तीनदा. तेवढा खटाटोप एकदा करून, निवडून उत्तर देण्याची सवय लावून घेणाऱ्यांना मी हा प्रोग्रॅम निःशंकपणे सुचवीन.