कॉलेज बास्केटबॉलचा असिस्टंट स्टाफ: घरचे घ्यायचे की बाहेरचे?

मित्राचा मुलगा, इथेच नॉर्थ कॅरोलायनात वाढलेला. चार-पाच वर्षं व्हिडिओ कोऑर्डिनेटर म्हणून रात्र रात्र जागून क्लिप कापल्या, मग असिस्टंट झाला आणि आता एका छोट्या कॉलेजात त्याला हेड कोचची जागा मिळालीये. पूर्ण पगाराचे असिस्टंट त्याला दोनच घेता येणारेत आणि अर्ज आलेत ढीगभर. परवा जेवायला आला तर आमटी गार होईपर्यंत फोनमधली नावंच वाचत बसला, म्हणाला काका, ओळखीतला घेऊ का नाव असलेला घेऊ? दोन तास बोललो, नंतरही डोक्यात तेच चालू राहिलं, म्हणून इथे मांडतोय, कारण या फाट्यावर तो एकटाच उभा नाहीये.

आधी माझं माप सांगतो. असिस्टंट किती भारी आहे ते सगळेच बघतात, मी बघतो की तो गेला तर मागे काय उरतं. कारण चांगला असिस्टंट जातोच, त्याला हेड कोच व्हायचंच असतं, आणि जातो तेही बरेचदा मार्चमध्ये, एनसीएए टुर्नामेंटच्या, म्हणजे देशभरातल्या कॉलेजांच्या बाद पद्धतीच्या मुख्य स्पर्धेच्या तोंडावर, अगदी जेव्हा तो हवा असतो तेव्हा.

२०२५ ची फायनल फोर, म्हणजे त्या स्पर्धेतल्या शेवटच्या चार टीम, आठवा, सॅन अँटोनिओ. ड्यूक, ह्यूस्टन, फ्लोरिडा, ऑबर्न, चारही एक नंबर सीड, म्हणजे आपापल्या गटातल्या अव्वल मानांकित, आणि चारांचे स्टाफ बांधायचे प्रकार बरेच वेगळे. शनिवारी, ५ एप्रिलला, पाडवा होऊन आठवडाही झाला नव्हता, आम्ही सगळे एकाच्या घरी जमलो होतो, निम्मे लोक ड्यूकचे. शेवटचा सव्वा मिनिट राहिला तेव्हा ड्यूक ६ ने पुढे, लोक गाडीच्या चाव्या शोधायला लागले होते. मग ह्यूस्टनचा एक थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) पडला आणि लगेच त्यांनी ड्यूकचा बास्केटखालून आत येणारा पासच तोडला, पहिला शॉट हुकला तर रिबाउंडवर डंक. फ्री थ्रो धरून सलग ९ पॉइंट, आणि ७०-६७ ने मॅच ह्यूस्टनची. घरात कोणी बोलेना.

आता बेंचवर कोण होतं ते बघा. ड्यूकचा डिफेन्स बघायचा जय लुकस, तो मार्चमध्येच मायामीचा हेड कोच म्हणून गेलेला, एनसीएए टुर्नामेंट सुरू व्हायच्या आधीच. तो असता तर मॅच जिंकली असती असं मी अजिबात म्हणत नाही, फ्री थ्रो कोच मारत नाही. पण समोर ह्यूस्टनच्या बेंचवर हेड कोच केल्व्हिन सॅम्प्सनशेजारी त्याचा मुलगा केलन बसलेला, जो २०१४ पासून, म्हणजे बाप ह्यूस्टनला आला तेव्हापासून त्याच्याबरोबर आहे आणि पुढचा हेड कोच म्हणून जाहीरही झालाय. बाकी क्वानस व्हाइट आणि हॉलिस प्राइस, दोघेही सॅम्प्सन ओक्लाहोमाला असताना त्याच्याच टीममध्ये खेळलेले, २००२ च्या फायनल फोरमध्ये त्याच्याबरोबर गेलेले. अशा बेंचवर टाइमआउटमध्ये कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही, अर्धं वाक्य पुरतं.

इथे लोक एक घोळ घालतात. ड्यूकचे घरचे आणि ह्यूस्टनचे घरचे ही एकच गोष्ट नाही. ड्यूकचे घरचे म्हणजे कॉलेजचे घरचे. माइक शेशेफ्स्की १९८० ते २०२२ तिथे हेड कोच होता, ५ वेळा चॅम्पियन, आणि बरीच वर्षं त्याचे असिस्टंट म्हणजे त्याचेच जुने खेळाडू: अमाकर, डॉकिन्स, कॉलिन्स, वोचेहोव्स्की, केपल, आणि शेवटी जॉन शायर, २०१० च्या चॅम्पियन टीमचा कॅप्टन, जो २०२२ मध्ये गादीवर बसला. ह्यूस्टनचे घरचे म्हणजे कोचचे घरचे, कॉलेज कुठलंही असो, माणसं त्याने घडवलेली. नव्या हेड कोचला पहिला प्रकार बहुतेक मिळतच नाही, कारण ते कॉलेजच त्याचं नसतं. आमच्या पोराचंही तेच, तिथले माजी खेळाडू त्याला ओळखतसुद्धा नाहीत, त्यामुळे गावातल्या लोकांना बरं वाटावं म्हणून एखादा माजी खेळाडू बेंचवर आणून बसवायचा, हे मला पटत नाही.

शायरने स्वतः काय केलं ते बघण्यासारखं आहे. गादीवर आल्या आल्या त्याने लुकसला केंटकीहून आणला, जो ड्यूकला खेळलेलाच नव्हता, फ्लोरिडा आणि टेक्ससला खेळलेला. म्हणजे ज्या घराण्यात बाहेरचं माणूस यायचंच नाही तिथल्याच माणसाला कळलं होतं की सगळे एकाच कोचच्या हाताखाली शिकलेले असले की चूकही सगळे एकच करतात.

उलट टोक म्हणजे फ्लोरिडा. हेड कोच टॉड गोल्डन स्वतः तरुण आणि आकडेमोडीवर पक्का विश्वास असलेला, त्याच्याकडे जॉनथन सेफिर हा माणूस स्ट्रॅटेजी आणि अ‍ॅनालिटिक्सलाच ठेवलेला, आणि असिस्टंट आपापल्या कामात तरबेज. ७ एप्रिलला ह्यूस्टनला ६५-६३ हरवून तेच चॅम्पियन झाले. मग काय झालं? केविन होव्डी कोलंबिया युनिव्हर्सिटीचा हेड कोच, जॉन अँड्रेजेक कॅम्पबेलचा हेड कोच, एकाच हंगामात दोघं. हा प्रकार जिंकून देतो पण दर वर्षी दुकान नव्याने लावायची तयारी लागते. आणि खरं सांगायचं तर ह्यूस्टनचंही सगळं टिकलं नाही, व्हाइट त्याच वर्षी लुईझियानाला हेड कोच म्हणून गेला, पण तिथे केलन आणि प्राइस उरले, पद्धत त्यांच्या अंगात मुरलेली. ऑबर्नला ब्रूस पर्लने सप्टेंबरमध्ये निवृत्ती घेतली तर मुलगा स्टीव्हन शेजारच्याच खुर्चीत होता, तोच हेड कोच झाला.

छोट्या कॉलेजसाठी मला सगळ्यात जवळचं वाटतं ते गोंझागाचं उदाहरण. स्पोकेनसारख्या कोपऱ्यातल्या गावात मोठी नावं येत नव्हती, तर हेड कोच मार्क फ्यूचा असिस्टंट टॉमी लॉइड याने परदेश हेच आपलं क्षेत्र करून टाकलं. फ्रान्सचा रॉनी टुरियाफ, पोलंडचा कार्नोव्स्की, लिथुआनियाचा साबोनिस, जपानचा हाचीमुरा. सुमारे २० वर्षं एकच माणूस तेच शेत कसत होता, आणि मग २०२१ मध्ये तो अ‍ॅरिझोनाला गेला आणि पहिल्याच वर्षी ३३ मॅच जिंकला. पण गोंझागा कोसळलं का? नाही, पुढची तीनही वर्षं किमान स्वीट सिक्स्टीनपर्यंत, म्हणजे शेवटच्या १६ टीममध्ये, पोचलंच. ओळखी कॉलेजच्या झाल्या होत्या, एकट्या लॉइडच्या राहिल्या नव्हत्या, आणि ब्रायन मायकलसनसारखा, तिथेच वॉक-ऑन म्हणून, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय, खेळलेला माणूस स्टाफवर होता.

नाव असलेला रिक्रूटर, म्हणजे खेळाडू मिळवून आणणारा असिस्टंट, याबद्दल थोडक्यात सांगतो. पूर्वी त्याला सोन्याचा भाव होता, कारण शाळेच्या आणि समर टीमच्या कोचशी त्याचे संबंध म्हणजेच खेळाडू. त्याच्याच काळ्या बाजूने सप्टेंबर २०१७ मध्ये चार मोठ्या प्रोग्रॅमचे असिस्टंट अटकेत गेले. आता २०२१ पासून खेळाडू जाहिरातीतून पैसे कमावतात, कॉलेज बदलायच्या ट्रान्सफर पोर्टलमधून वर्षाला टीम बदलतात, पैशाची बोलणी करायला वेगळे जनरल मॅनेजर आलेत, ड्यूकने तर २०२२ मध्येच नायकेमधून रेचल बेकरला त्या जागेवर आणलं. नुसत्या ओळखीवर आणलेला खेळाडू पुढच्या एप्रिलमध्ये निघून जातो. जो आणतो आणि रोज जिममध्ये त्याच्यावर मेहनतही घेतो तोच कामाचा.

माजी हेड कोच घ्यावा का, हा त्याचा शेवटचा प्रश्न होता, म्हणजे आपल्यापेक्षा मोठा माणूस शेजारी बसवायची भीती. मी त्याला नॉर्म रॉबर्ट्स सांगितला. पूर्वी सेंट जॉन्सचा हेड कोच, मग कॅन्ससला बिल सेल्फचा असिस्टंट. नोव्हेंबर २०२२ मध्ये सेल्फ ४ मॅच सस्पेंड होता, रॉबर्ट्सने त्या चारही जिंकून दिल्या, त्यात ड्यूकसुद्धा. मार्चमध्ये सेल्फ आजारी पडला तेव्हा एनसीएएमध्ये पुन्हा तोच उभा राहिला. दुसऱ्या फेरीत अर्कान्सॉकडून एका पॉइंटने हरले खरे, पण टीम सैरभैर झाली नाही. असा माणूस तुमची खुर्ची घ्यायला येत नाही, तो तिथे एकदा बसून आलेला असतो.

मोठ्या कॉलेजांना सोपं आहे, डिव्हिजन वनला, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या स्तराला, जुलै २०२३ पासून ३ च्या ऐवजी ५ असिस्टंट कोचिंग करू शकतात, सगळे प्रकार थोडे थोडे घेता येतात. दोन जागांत ते जमत नाही. म्हणून मी म्हटलं पहिली जागा वयाने मोठ्या, हेड कोच होऊन आलेल्या माणसाला दे, ज्याला आता कुठे जायचं नाही आणि जो टाइमआउटमध्ये तुला तोंडावर नाही म्हणू शकेल. दुसरी जागा तरुण, भुकेल्या, तुझ्यापेक्षा वेगळ्या कोचकडे शिकलेल्या माणसाला, आणि तो दोन-तीन वर्षांत जाणार हे धरूनच चाल. डिफेन्स एकाचा, ऑफेन्स दुसऱ्याचा अशी भिंत घालू नकोस. प्रतिस्पर्ध्यांचा स्काउट, म्हणजे मॅचआधी त्यांच्या खेळाचा अभ्यास, आळीपाळीने दोघांना दे, म्हणजे एक गेला तर दुसऱ्याला सगळं येत असेल.

मुलाखतीत काय विचारू म्हणाला. मी म्हटलं आधीच्या ठिकाणी तू सोडून आल्यावर तुझं काम कोणी घेतलं आणि त्याला तू काय देऊन आलास, एवढंच विचार. त्याने ते तिथेच फोनमध्ये टाइप करून घेतलं, वहिनींनी आमटी परत गरम करून आणली, आणि मग कुठे तो जेवला. सोमवारी पहिला फोन करणार आहे, यादीतल्या सगळ्यात मोठ्या नावाला नाही, तिसऱ्या पानावरच्या ५८ वर्षांच्या माणसाला.